व्यायामाचे खरे मूल्य

'व्यायाम करा' असा सल्ला आपण रुग्णास नित्य देतो. त्यास लागणाऱ्या खर्चाचा विचार मात्र क्वचितच करतो. भोकरदन तालुक्यातील धावड्यासारख्या गावचा रुग्ण 'शहरातील जिमचे वर्षाचे शुल्क भरू का?' असे विचारतो, तेव्हा आम्ही त्याच्यापुढे साधा हिशेब मांडतो.

समजा, शुल्क ६,००० रुपये आहे. तीनशे दिवस गेल्यास दिवसास २० रुपये पडतात. पेरणी, काढणी व लगीनसराईमुळे साठच दिवस गेल्यास तेच १०० रुपये होतात. प्रवासभाडे आणि प्रथिनचूर्णाचे डबे निराळेच. जिमवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हा दिलासा खरा. परंतु वाया गेलेल्या दिवसांची भरपाई त्याने होत नाही.

याहून मोठा धोका आहे तो भरलेले पैसे वसूल करण्यासाठी होणाऱ्या अतिव्यायामाचा. वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीसही शीतकाळी व वसंतातच अर्धशक्ती व्यायाम सांगितला आहे. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, कास, ज्वर संभवतात.

म्हणून वैद्यांनी प्रकृती, वय व ऋतू पाहून प्रथम चालणे व सूर्यनमस्कार सुचवावेत. त्यात तीन महिने सातत्य टिकले, तरच जिमचा विचार करावा व तोही मासिक शुल्कावर. औषधालयचालकांनीही डबा विकण्यापूर्वी ग्राहकाचा अग्नी व आहार यांची चौकशी करावी. रुग्णाचा पैसा वाचविणे हाही चिकित्सेचाच भाग होय, असे आम्ही मानतो.