पडद्यावरची आग खोटी का वाटते?

अमेरिकेतील अनेक शाळांत आणि भाड्याच्या सभागृहांत उघड्या ज्योतीला परवानगी नसते. त्यामुळे सार्वजनिक कार्यक्रमातली होळी पुष्कळदा पडद्यावरच पेटवावी लागते. रंग हुबेहूब साधूनही ती खोटी वाटते. दोष बहुधा रंगात नसतो, वेगात असतो.

तप्त वायू हलके होऊन वर चढतात, भोवतालची थंड हवा आत ओढली जाते आणि ज्वाळांचे लोळ ठरावीक लयीत सुटतात. आगीची रुंदी वाढते तशी ही लय संथ होते. ढोबळ नियमानुसार १० सेंटिमीटर रुंदीचा जाळ सेकंदाला जवळपास ५ वेळा उसळतो, १ मीटरची होळी सुमारे दीड वेळा, तर ४ मीटरचा वणवा एकदाही पुरता नाही. डोळा हे गणित मांडत नाही, पण वेगावरून आगीचा आकार ओळखतो. म्हणूनच पूर्वीचे चित्रपटकार लहान प्रतिकृतींची आग अतिवेगाने चित्रित करत. नेहमीच्या गतीने दाखवल्यावर ती संथ, आणि म्हणून प्रचंड भासे.

संगणकावरील आगीचा पाया १९८२ मध्ये घातला गेला. ‘स्टार ट्रेक : द रॅथ ऑफ खान’मध्ये लुकासफिल्मच्या विल्यम रीव्ह्ज यांनी आग असंख्य कणांतून उभी केली. प्रत्येक कणाला वेग, रंग आणि आयुष्य दिले. त्याच वर्षीच्या ‘ट्रॉन’वर काम केलेल्या केन पर्लिन यांनी यंत्रवत गुळगुळीतपणा टाळण्यासाठी नियंत्रित अनियमितता निर्माण करणारी पद्धत शोधली. तिला १९९७ मध्ये ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

‘आफ्टर इफेक्ट्स’मधील फ्रॅक्टल नॉईज त्याच कुळातला. हा नमुना उभा ताणावा. ऑफसेट टर्ब्युलन्सने तो वर सरकवावा आणि इव्होल्यूशनने त्याचे रूप बदलत ठेवावे. कडा मऊ असलेल्या मास्कने ज्वाळेचा आकार द्यावा आणि टर्ब्युलंट डिस्प्लेसने त्या कडा विस्कटाव्यात. ट्रायटोनने गडद भागाला काळा, मध्यम भागाला नारिंगी आणि उजळ भागाला फिकट पिवळा रंग द्यावा. शेवटी थर ‘स्क्रीन’ पद्धतीने मिसळावा, म्हणजे काळा भाग नाहीसा होऊन केवळ प्रकाश उरतो.

यानंतर वेग तपासावा. सेकंदाला ३० फ्रेम असतील, तर १ मीटरच्या होळीची एक उसळी सुमारे २० फ्रेममध्ये पूर्ण व्हावी. त्याहून घाई झाली, तर मोठ्या पडद्यावरही होळीची काडीपेटी होते. समईचे गणित वेगळे: निवाऱ्यात तिची ज्योत जवळजवळ स्थिर असते, तिला सतत फडफडवणे चुकीचे.

अखेरचा भाग ज्वाळेबाहेरचा आहे. आगीचा उजेड भोवतालच्या भिंतीवर, जमिनीवर आणि चेहऱ्यांवर त्याच लयीत कमीजास्त व्हायला हवा. तो नसेल, तर उत्तम ज्वाळाही चिकटवलेली दिसते.