विमानतळाची रेल्वे कोणासाठी? गर्दीचे गणित आराखड्यातच ठरते

विमानतळाकडे जाणाऱ्या रेल्वेत दोन प्रकारचे प्रवासी शेजारी-शेजारी उभे असतात. एकाजवळ दोन मोठ्या बॅगा असतात आणि त्याला विमानाची वेळ गाठायची असते. दुसरा त्याच विमानतळावर सुरक्षा, सफाई किंवा सामान हाताळणीचे काम करतो आणि त्याला हजेरीची वेळ गाठायची असते. पहिला वर्षातून चार-दोन वेळा येतो, दुसरा रोज येतो. मार्ग आखताना या दोघांपैकी कोणाचा विचार झाला, यावर पुढे गाडीत गर्दी किती व कशी होणार हे बहुतांशी अवलंबून असते.

दिल्लीची एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो पहिल्या प्रवाशासाठी आखली गेली. फेब्रुवारी 2011 मध्ये सुरू झालेल्या या सुमारे 22.7 किलोमीटरच्या मार्गावर, नवी दिल्ली ते द्वारका सेक्टर 21 दरम्यान, केवळ सहा स्थानके ठेवण्यात आली. गाड्या सहा डब्यांच्या, आसने दोन-दोनच्या जोडीने मांडलेली, सामानासाठी वेगळी जागा आणि भाडे इतर मेट्रोपेक्षा कितीतरी अधिक. खासगी भागीदारीतून उभारलेला हा मार्ग तांत्रिक दोषांमुळे जुलै 2012 पासून काही महिने बंद राहिला. जुलै 2013 मध्ये त्याचे संचालन दिल्ली मेट्रो रेल्वे महामंडळाकडे आले. त्या काळी चिंता रिकाम्या गाड्यांची होती; गर्दीचा प्रश्नच नव्हता.

महामंडळाने 2014 व 2015 मध्ये भाडे कमी केले. पुढे 2019 मध्ये धौला कुआं स्थानक सुमारे 1.2 किलोमीटर लांबीच्या पादचारी पुलाने पिंक लाइनच्या दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस स्थानकाशी जोडण्यात आले आणि 2023 मध्ये मार्ग यशोभूमी अधिवेशन केंद्रापर्यंत नेण्यात आला. विमानाशी काहीही संबंध नसलेला द्वारकेचा नोकरदार आता याच गाडीने मध्य दिल्ली गाठू शकतो. सार्वजनिक खर्चाच्या दृष्टीने ही बाब स्वागतार्ह आहे, मात्र गाडी मूळची त्याच्यासाठी घडवलेली नाही.

हा फरक साध्या हिशेबाने लक्षात येतो. दर दहा मिनिटांनी सहा डब्यांची गाडी सोडल्यास तासाला एका दिशेने 36 डबे जातात. दर तीन मिनिटांनी आठ डब्यांची गाडी सोडणाऱ्या शहरी मार्गावर हीच संख्या 160 होते. शिवाय जोडआसनांमुळे उभे राहण्याची जागा घटते, एक मोठी बॅग जवळजवळ एका माणसाची जागा अडवते आणि बॅगा घेऊन चढण्या-उतरण्यास वेळ लागल्याने गाडी स्थानकात अधिक थांबते. थांबा वाढला की मागची गाडीही रखडते. 2023 मध्ये या मार्गावरील कमाल वेग टप्प्याटप्प्याने ताशी 120 किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आला. त्यामुळे प्रवासाचा वेळ वाचला. तथापि, वेगाने गर्दी आपोआप कमी होत नाही. वाचलेल्या वेळात त्याच गाड्यांच्या फेऱ्या वाढवल्या, तरच डब्यांची संख्या वाढते.

कॅनडातील टोरंटो शहराचा अनुभव याहून बोलका आहे. तेथील विमानतळ रेल्वे जून 2015 मध्ये सुरू झाली तेव्हा पूर्ण भाडे 27.50 कॅनेडियन डॉलर होते आणि गाड्या ओस पडत. मार्च 2016 मध्ये भाडे 12 डॉलरवर आणताच वाटेतल्या ब्लूर व वेस्टन स्थानकांवरून रोजचे नोकरदार चढू लागले आणि प्रवासीसंख्या झपाट्याने वाढली. अडचण अशी की, विमानतळावरील फलाट तीन डब्यांच्या गाडीपुरताच बांधलेला. भाडे एका निर्णयाने बदलता आले. उन्नत मार्गावरील फलाट लांबवणे तितके सोपे नव्हते.

मुंबईने वेगळी वाट धरली. आरे ते कफ परेड हा 33.5 किलोमीटरचा भुयारी मेट्रो-3 मार्ग ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्णपणे खुला झाला. त्यावरील 27 स्थानकांपैकी दोन विमानतळाच्या टर्मिनल 1 व टर्मिनल 2 साठी आहेत. गाड्या आठ डब्यांच्या असून सीप्झ आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील कर्मचारीही त्याच गाडीने जातात. येथे विमानतळ हा शहरी मार्गावरील एक थांबा आहे. विमानतळावरील कामगाराला ही रचना सोयीची ठरते. बॅगा घेऊन निघालेल्याला मात्र सायंकाळी वांद्रे-कुर्ला संकुलातून सुटलेल्या गर्दीतच जागा शोधावी लागते. त्याच्यासाठी रुंद फाटक, पुरेशा लिफ्ट आणि दाराजवळची मोकळी जागा यांचे महत्त्व वेगापेक्षा अधिक आहे.

मुंबई व नवी मुंबई या दोन्ही विमानतळांना जोडणारा मेट्रो-8 मार्ग प्रस्तावित आहे. दिल्लीतही तुघलकाबादकडून येणारा नवा मार्ग एरोसिटी स्थानकात एअरपोर्ट एक्सप्रेसला मिळणार आहे. त्यानंतर एरोसिटीच्या फलाटावर उतरणाऱ्यांपैकी किती जण विमानतळाकडे वळतील आणि किती जण सहा डब्यांच्या गाडीने नवी दिल्लीकडे जातील, यावर तेथील फेऱ्यांचे वेळापत्रक ठरवावे लागेल.