आजाऱ्याला उचलायला दोघे लागतात

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. भगवान बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात. बुद्ध पाणी ओततात, आनंद त्याचं अंग धुतो. मग एक जण डोक्याकडून आणि एक जण पायांकडून धरून त्याला उचलतात आणि खाटेवर ठेवतात.

धम्मप्रवचनात हा प्रसंग करुणेसाठी सांगितला जातो. नर्स म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. उचलणारे दोघे होते. तथागतांनीही आजाऱ्याला एकट्याने उचललं नाही.

आपल्या वस्तीत मात्र घरातलं एकच माणूस वर्षानुवर्षं उचलत असतं. बहुतेक ती सून असते, नाहीतर मुलगी. तिची कंबर जाते, झोप जाते, बीपी वाढतो. येणारे-जाणारे आजाऱ्याची चौकशी करतात, तिला कुणी विचारत नाही. या वेळचं आरोग्य पान अशा सेवा करणाऱ्या माणसासाठी आहे.

उत्तर नागपुरातल्या एका घरात हा माणूस पुरुष आहे. हे काका पोस्टमन होते, साठाव्या वर्षी निवृत्त झाले, आज ६२ वर्षांचे आहेत. वडील ८६ वर्षांचे, आई ८१ वर्षांची. वडिलांची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी लकव्याने गेली, सोबत बोलणंही गेलं. आईला स्मृतिभ्रंश आहे. काकू अंगणवाडी सेविका आहेत, त्यांची नोकरी चालू आहे. काका त्यांना म्हणाले, "तू कामावर जा, घरचं मी पाहतो." गल्लीत काही जण हसले. काकांनी लक्ष दिलं नाही.

औषधांच्या वेळा लिहायला काकांनी एक वही केली होती. मी त्यांना प्रत्येक पानावर दोन रकाने पाडायला सांगितले. डावीकडे काय केलं ते लिहायचं, उजवीकडे त्या दिवशी काय बरं वाटलं ते. त्यांच्या परवानगीने हिवाळ्यातल्या एका आठवड्याची ती पानं इथे मांडते.

सोमवार. दर दोन तासांनी बाबांची कूस बदलली. टाचा, माकडहाड, खुबे तपासले. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. म्हणून आजूबाजूपेक्षा काळपट, गरम किंवा कडक लागणारी जागा हाताने शोधायची. अशी जागा चोळायची नाही, तिच्यावरचा भार काढायचा. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवायच्या.
उजव्या रकान्यात: बाबांची दाढी केली. डाव्या हाताने गाल चाचपून ते हसले.

मंगळवार. आई सकाळपासून म्हणत होती, "मले घरी जाऊ दे." हेच घर आहे असं सांगून काका थकले, ती चिडत गेली. अशा वेळी वाद घालून काही मिळत नाही. हाताला ओळखीचं काम द्यावं. काकांनी तिच्यापुढे मेथीची जुडी आणि सांबार ठेवला.
उजव्या रकान्यात: आईने एकही पिवळं पान भाजीत जाऊ दिलं नाही. माझं नाव ती विसरली, बोटं विसरली नाहीत.

बुधवार. लकव्यानंतर बाबांना पातळ पाण्याने ठसका लागतो. त्यांना ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, छोट्या चमच्याने मऊ खिचडी दिली. एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं केलं नाही. जेवताना खोकला येत असेल किंवा आवाज ओलसर, घरघरता होत असेल तर डॉक्टरांना सांगावं. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.
उजव्या रकान्यात: मोबाईलवर भीमगीत लावलं. दोन वर्षं ज्यांना धड शब्द फुटत नाही, ते बाबा धृपदाला सोबत गायले.
काकांना हा चमत्कार वाटला. याला कारण आहे. बहुतेक माणसांत बोलण्याचं केंद्र मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, आणि उजव्या अंगाच्या लकव्यात तीच बाजू दुखावलेली असते. गाण्यात मेंदूची उजवी बाजूही काम करते. त्यामुळे बोलू न शकणारी काही माणसं गाऊ शकतात. हे बाबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. ती गोष्ट आज ते सांगू शकत नाहीत, पण गाऊ शकतात.

गुरुवार. दर गुरुवारी आम्ही विहारात बीपी तपासतो. काका आईचं रिकामं औषधाचं पाकीट दाखवायला आले होते. मी त्यांचाच हात पुढे घेतला. बीपी १६८/१०४. त्यांच्या स्वतःच्या गोळ्या तीन आठवड्यांपूर्वी संपल्या होत्या. "सिस्टर, दोघांना सोडून आणायला जाऊ कसा?" ते म्हणाले. वहीत आई-बाबांच्या एकूण एक गोळीची नोंद होती. स्वतःच्या गोळीची एकही नव्हती.
बीपीची गोळी मनाने बंद केली की लकव्याचा धोका वाढतो. काका पडले असते तर त्या घरात तीन आजारी झाले असते.
उजवा रकाना रिकामा.

शुक्रवार. काकांनी कामठीच्या बहिणीला फोन केला. इतके दिवस का केला नव्हता? "ती तिच्या संसारात आहे, तिला कशाला त्रास." बहीण म्हणाली, "माझे मायबाप नाहीत का ते?" संध्याकाळी ती आली. काका नागरी आरोग्य केंद्रात गेले, डॉक्टरांना दाखवून गोळ्या पुन्हा सुरू केल्या.
उजव्या रकान्यात: रात्री सलग पाच तास झोपलो.

शनिवार. आईने ताट भिरकावलं, काकांच्या हातावर नखं मारली. काका तिच्यावर ओरडले आणि गल्लीत जाऊन उभे राहिले. हात थरथरत होते. सेवा करणाऱ्याला राग येतो. थकलेल्या शरीराचा तो राग असतो, त्याने कुणी वाईट मुलगा ठरत नाही. राग आला की आजाऱ्याला सुरक्षित बसवावं आणि दोन मिनिटं बाहेर जावं. काकांनी तेच केलं.
आत बहिणीने आईला जवळ घेतलं तेव्हा अंग कोमट लागलं. कालपासून तिने पाणी जवळजवळ घेतलं नव्हतं, लघवीला उग्र वास येत होता. दवाखान्यात लघवीचा संसर्ग निघाला. म्हाताऱ्या माणसाचं वागणं एक-दोन दिवसांत अचानक बदललं तर "आता वयच झालं" असं म्हणून सोडू नये. संसर्ग, पाण्याची कमतरता, साखर कमी-जास्त होणं, नवीन औषध, यांपैकी काहीही कारण असू शकतं. एकट्या थकलेल्या डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते दुसऱ्या डोळ्यांना दिसलं.
उजव्या रकान्यात: ताईने चहा केला. दोघांनी उंबऱ्यात बसून प्यायला.

रविवार. ताप उतरला. बहीण घरी थांबली, काका विहारात वंदनेला गेले. परतताना मुद्दाम जुन्या टपालाच्या रस्त्याने आले.
उजव्या रकान्यात: तीन घरांतून हाक आली, "पोस्टमन काका, जयभीम!"

कुणी म्हणेल, दाढी, मेथी, चहा, हे काय आरोग्याच्या पानावर लिहायचं? तर महावग्गात त्याच प्रसंगाच्या पुढे आजाऱ्याची सेवा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावं. काय मानवतं आणि काय मानवत नाही हे कळावं. लाभासाठी नाही तर मैत्रीने सेवा करावी. मलमूत्राची किळस वाटू नये. आणि पाचवा गुण, आजाऱ्याचं मन वेळोवेळी धम्मकथेने प्रसन्न करता यावं. म्हणजे मनाची प्रसन्नता सेवेतच धरली आहे. ज्याचं स्वतःचं मन कोरडं पडलं, तो दुसऱ्याचं मन कसं प्रसन्न करणार? उजवा रकाना त्यासाठी आहे. तो सलग दोन-तीन दिवस रिकामा राहिला तर समजावं, आता दुसरा हात बोलवायला हवा.

या आठवड्यात एवढं करा:

१. औषधांच्या वहीत पहिलं नाव सेवा करणाऱ्याचं लिहा. महिन्यातून एकदा त्याचा बीपी आणि साखर तपासा.

२. भाऊ-बहिणींनी वार वाटून घ्या. मुलगेही त्यात आले. कूस बदलणं, लघवीचं भांडं धरणं हे बाईचंच काम आहे असं धम्मात कुठेही नाही.

३. विहार समितीने आजारी असलेल्या घरांची यादी करावी. आठवड्यातून दोन तास कुणीतरी तिथे जाऊन बसावं.

४. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही. भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. आधार कार्ड लागतं, आशाताईंना विचारा.

५. हे नंबर भिंतीवर लिहा: रुग्णवाहिका १०८, ज्येष्ठांसाठी मदत १४५६७, मनाचा ताण असह्य झाला तर टेलिमानस १४४१६.

६. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर लगेच १०८. मेंदूतली गाठ विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

आणि आज शेजारी आजाऱ्याला भेटायला जाल, तेव्हा आधी सेवा करणाऱ्याला विचारा, "तुम्ही जेवलात का? मी बसतो इथे, तुम्ही जरा पडा."

जयभीम! नमो बुद्धाय!