दहाच्या आत

सकाळी ६.५०
रूपीनगर, पिंपरी-चिंचवड. एसी धुणाऱ्या मेस्त्रीच्या स्कूटरच्या पुढच्या फळीवर जेट पंप. मागे हेल्पर, त्याच्या मांडीवर प्लास्टिकची झोळी, दोन बादल्या, पान्यांची पिशवी. शिडी गिऱ्हाइकाची. आज दिवसभर मी त्यांच्याबरोबर. मार्चचा गुरुवार आहे. भोसरी-चाकणच्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे माणसं घरी सापडतात. पण गुरुवार हा महावितरणच्या दुरुस्तीचाही वार. मेसेज आलाय : प्राधिकरणात दहा ते दोन वीज बंद. पंप विजेवर चालतो. पहिलं काम दहाच्या आत उरकायचं.

७.२०
टिळक चौक. शंभरचं पेट्रोल. महामार्गावर मेट्रोचं काम चाललंय, धूळ नाकातोंडात जाते.

७.४०
प्राधिकरण, सेक्टर २७, बंगला. काका निवृत्त, मुलगा न्यू जर्सीत. त्याच्या घरात भिंतींतून, छतातून पत्र्याच्या डक्ट फिरवलेल्या. त्या साफ करायला माणूस येतो, हे काकांनी बघितलंय. आता इथेही कुणीतरी फोनवर ‘डक्ट क्लिनिंग’चं चार हजारांचं पॅकेज सांगितलं. करून घ्यावं का?

“काका, तुमच्याकडे डक्टच नाहीत. चार स्प्लिट एसी आहेत. आधी उघडून बघू.”

मेस्त्री शिडीवर चढतो. झाकण वर, जाळ्या बाहेर, मोबाइलचा टॉर्च आत. कॉइल, मग खालून ब्लोअर. हॉलचा ठीक. काकांच्या खोलीतला ठीक. पाहुण्यांच्या खोलीतला तर वर्षभरात फार चाललेलाच नाही. चौथा रस्त्याकडच्या खोलीत. तिथे ब्लोअरच्या पात्यांत राखाडी नमदा बसलाय, कडेला काळी बुरशी. ट्रेमधून पाणी भिंतीवर ओघळलंय.

“हा एक धुवावा लागेल. बाकी तिघांच्या जाळ्या नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. दर पंधरा दिवसांनी. त्याला मी कशाला पाहिजे?”

काकू विचारतात, त्यांची सर्दी यानेच का? “ते डॉक्टर सांगतील, काकू. मी तुंबलेलं सांगतो.”

मी काकांना सांगितलं, अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीएसुद्धा घरातल्या डक्टबद्दल असंच सांगते. बुरशी दिसली, उंदीर-किडे शिरले, धुळीने वाट तुंबली, तर साफ करा. दरवर्षी करायची गरज नाही. आणि डक्ट साफ केल्याने आजार टळतात, हे सिद्ध झालेलं नाही. काका मुलाला लगेच मेसेज टाकतात.

८.२५
एसीखाली झोळी बांधली, तिची नळी बादलीत सोडली. एसीच्या सर्किट बोर्डवर, म्हणजे पीसीबीवर, पिशवी गुंडाळली. तिथे पाणी गेलं तर भरपाई मेस्त्रीच्या खिशातून. काकू म्हणतात, आज पाण्याचा दिवस आहे, लागेल तेवढं घ्या. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात पाणी दिवसाआड येतं. एका धुण्याला दीड-दोन बादल्या जातात.

जेट फार जवळ धरला तर कॉइलच्या पातळ पट्ट्या दुमडतात, लांब धरला तर मळ हलत नाही. वीतभर अंतर. हात सतत वर. दहा मिनिटांत खांदा भरून येतो, मग हात बदलायचा. झोळीतून काळं पाणी येतं, मग चहासारखं, मग स्वच्छ.

९.४०
एसी चालू. वारा पडद्यापर्यंत पोचतो. सहाशे रुपये.

१०.००
वीज गेली.

१०.४५
आकुर्डीतलं एक मंगल कार्यालय. इथे डक्ट आहेत, खऱ्या. बघायला वीज लागत नाही. छताची जाळी काढून टॉर्च आत घातला : धुळीचा थर, उंदराच्या लेंड्या, एका जागी कुरतडलेलं इन्सुलेशन.

“हे करावंच लागेल,” मेस्त्री म्हणतो.

“मग मारा की जेट,” मॅनेजर.

“आत पाणी मारायचं नाही. इन्सुलेशन भिजलं की तिथेच बुरशी धरते. याला लांब ब्रश आणि मोठा व्हॅक्यूम लागतो. माझ्याकडे नाही. आधी उंदरांची वाट बुजवा.” बघायचे तीनशे.

दुपारी १.१५
भेळ चौकाजवळ झाडाखाली डबा. चपाती, मटकी.

३.००
यमुनानगर, तिसरा मजला. दोन एसी. ताईंना दर उन्हाळ्यात कुणीतरी गॅस भरायला लावतं. “गॅस वापरून संपत नाही, ताई. कमी झाला असेल तर गळतोय. गळती न शोधता भरला तर परत जाणार.” गेज लावतो. गॅस पुरेसा आहे. दोन्ही आउटडोअर युनिट मात्र धुळीने लिंपलेली. कमरेला दोर, दोर आतल्या ग्रिलला, एक पाय छज्ज्यावर. खाली बघायचं मी टाळतो. मेस्त्री युनिटकडेच बघतो. धुण्याआधी एकावर क्लॅम्प मीटर आठच्या वर दाखवत होता, धुतल्यावर साडेसहा अँपिअर. दोन्ही एसींचे बाराशे.

७.३०
रूपीनगर. आले एकवीसशे. हेल्परचे सहाशे, पेट्रोल शंभर, चहा-वडापाव नव्वद. उरले तेराशे दहा. असे दिवस मार्च ते मे. ऑगस्टमध्ये फोन वाजत नाही.

“भाऊ, काकांचे चारी धुतले असते तर अठराशे जास्त आले असते,” हेल्पर म्हणतो.

“तीन स्वच्छ होते ना रे.”

मेस्त्री नळाखाली दोन कॅन लावतो. उद्याच्या गिऱ्हाइकाकडे पाणी नाही.