फॉरमॅट मारण्याआधी

‘डेटा सगळा डी-ला आहे, बिनधास्त फॉरमॅट मारा.’ संगणकदुरुस्तीच्या धंद्यात हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, की पुढचा प्रश्न आपसूक तोंडी बसला: ‘आणि डेस्कटॉपवर काय आहे?’ मग गिऱ्हाईक गप्प व्हायचं. डेस्कटॉप सहसा फॉरमॅट होणाऱ्या सी-मध्येच असतो, त्या माणसाच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्याच्या फाइली-सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये.

या प्रोफाइलचा पत्ता बदलत आला. १९९६च्या एनटी ४.०मध्ये ती विंडोजच्याच फोल्डरच्या पोटात होती. विंडोज २०००पासून ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये आली, व्हिस्टापासून ‘यूजर्स’मध्ये. एक्सपीच्या काळात आम्ही ‘माय डॉक्युमेंट्स’ ७०० एमबीच्या सीडीवर राइट करायचो आणि काम झालं म्हणायचो. एका वकीलसाहेबांचं मशीन असंच साफ केलं. संध्याकाळी फोन आला, ‘अहो, माझे मेल कुठायत?’ आउटलुकची पीएसटी फाइल लपवलेल्या ‘लोकल सेटिंग्ज’मध्ये होती, मी तिथे डोकावलोच नव्हतो. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून लपलेले फोल्डर दिसतील अशी सोय केल्याशिवाय मी कॉपीला हात लावत नाही.

कॉपी जमली तरी परत बसवणं वेगळंच. नव्या विंडोजवर खात्याला तेच नाव दिलं, तरी विंडोजच्या लेखी माणूस नवा. त्याचा अंतर्गत ओळखक्रमांक बदललेला असतो. मग स्वतःचाच जुना फोल्डर उघडताना ‘ॲक्सेस डिनाइड’. सेटिंग्जची एनटीयूजर डॉट डॅट ही फाइल तर त्याच खात्यात लॉगिन असताना कॉपीच होत नाही. डीटीपीवाल्यांचे मराठी फॉन्टही तेव्हा बहुधा प्रोफाइलमध्ये नसायचे, ते विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असायचे. प्रोफाइल परत आली तरी पत्रिकेचा मजकूर अगम्य अक्षरांत दिसायचा.

एक्सपीत फाइली-सेटिंग्ज हलवणारा विझार्ड होता. व्हिस्टा आणि सेव्हनमध्ये ‘इझी ट्रान्सफर’. विंडोज १०मध्ये तेही गेलं. आता वनड्राइव्ह डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वर चढवतं. सोय मोठी, पण इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. काही दिवस रिसायकल बिनमध्ये राहतं, एवढाच दिलासा. बाकीची प्रोफाइल मात्र सी-मध्येच.

सीडी गेली, पेनड्राइव्ह आला, क्लाउड आला. माझा नियम तोच राहिला: बॅकअपमधली एक फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. ती उघडली, की मगच फॉरमॅट मारा.