कारभार मोजायचा कोणत्या मापाने?

शासनाचा कारभार निर्देशकांनी मोजण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. केंद्र सरकारनेही डिसेंबर २०१९ मध्ये राज्यांसाठी सुशासन निर्देशांक जाहीर केला. परंतु माप चुकीचे निवडले, तर आकडे खरे असूनही निष्कर्ष फसवा ठरतो. हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरणाच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

पूर्णा नदीवरील येलदरी धरणातून सोडलेले पाणी खालच्या बाजूस सिद्धेश्वर येथे अडविले जाते. तेथून ते कालव्यांद्वारे हिंगोली, परभणी व नांदेड जिल्ह्यांतील शेतीला मिळते. या व्यवस्थेचा कारभार कसा मोजावा? धरणातील साठा हे सोपे माप. पण ते मुख्यतः पावसाचे. निर्माण झालेली सिंचन क्षमता हे बांधकामाचे माप. प्रत्यक्ष किती हेक्टर भिजले, हे पाहू लागलो की व्यवस्थापनाची परीक्षा सुरू होते. मात्र एकूण क्षेत्राच्या आकड्यात कालव्याच्या मुखाशी मुबलक पाणी घेणारा आणि शेवटी कोरडा राहिलेला शेतकरी, दोघेही एकत्र मिसळून जातात.

याच कारणाने राज्याच्या पाटबंधारे खात्याने या शतकाच्या आरंभी प्रकल्पांचे स्थिरचिन्हांकन सुरू केले, तेव्हा क्षमतेचा वापर, पाण्याच्या एककामागे उत्पन्न आणि पाणीपट्टी वसुली यांबरोबरच मुख, मध्य व शेवट या तिन्ही भागांतील समन्यायाचा निर्देशकही ठेवण्यात आला. केवळ वसुली हेच उद्दिष्ट ठेवले, तर जास्त पैसे देणाऱ्याकडे पाणी वळण्याचा धोका असतो.

मापांतील फरक किती मोठा ठरू शकतो, हे २०१२ मध्ये दिसले. राज्याच्या आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून दशकभरात सिंचनाचा वाटा अवघा ०.१ टक्क्याने वाढल्याची टीका झाली. तर श्वेतपत्रिकेत शासनाने ही वाढ ५.१७ टक्के असल्याचे सांगितले. काय मोजले आणि कशाच्या तुलनेत मोजले, हे स्पष्ट नसेल तर वाद संपत नाही.

म्हणून निर्देशक निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. तो शासनाच्या कृतीने बदलणारा असावा. त्याची तुलना सारखाच पाऊस झालेल्या वर्षांत व्हावी. आणि ज्याचे मूल्यमापन करायचे, त्याच्याखेरीज अन्य कोणालाही तो पडताळता यावा. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याची तरतूद केली आहे. कालव्याच्या शेवटच्या टोकावरील संस्थेने प्रत्येक पाणीपाळीत मिळालेल्या पाण्याची नोंद स्वतः ठेवली, तर कालवा सल्लागार समितीपुढे मांडण्यासाठी तिच्या हाती तक्रारीऐवजी पुरावा असेल.