वाऱ्यातून खत

युरियाची ४५ किलोची एक गोणी बनवायला साधारण २५ किलो अमोनिया लागतो आणि त्या अमोनियात साडेचार किलो हायड्रोजन असतो. आज तो बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूतून काढतात. २०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर वायू महागला आणि जगभर खतांचे भाव भडकले, त्याचं एक मोठं कारण हेच.

हाच हायड्रोजन पाण्यात वीज सोडूनही मिळतो. वीज उन्हाची किंवा वाऱ्याची असली की त्याला हरित म्हणायचं. पाणी फार लागत नाही, गोणीमागे चाळीसेक लिटर. वीज मात्र अडीचशे युनिटच्या आसपास जाते.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मॉरिस या छोट्या गावी विद्यापीठाच्या कृषी संशोधन केंद्राने २०१३ पासून आपल्या पवनचक्कीच्या विजेवर अमोनिया करून दाखवला. त्या भागात वारा भरपूर, पण वीज बाहेर नेणाऱ्या तारा अपुऱ्या. मग जी वीज नेता येत नाही तिचं जागेवरच खत का करू नये? हवेतला नायट्रोजन, पाण्यातला हायड्रोजन, आणि वर्षाला सुमारे २५ टन अमोनिया. तिकडे मक्याला अमोनिया थेट जमिनीत सोडतात, त्यामुळे युरियाची पायरीच नाही.

मॉरिसबद्दल वाचताना मला नांगल आठवतं. पंजाबात भाक्रा धरणाच्या विजेवर १९६१ मध्ये आपण पाण्यातून हायड्रोजन काढून खत करत होतो! पुढे तो कारखाना तेलाकडे आणि मग वायूकडे वळला.

आपल्या शेतकऱ्याला युरियाच हवा, आणि युरियाला कार्बन डायऑक्साइड. वायूवरच्या कारखान्यात तो आपसूक मिळतो; पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनसोबत येत नाही. पण आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबताना तो निघतोच, आणि शेजारी बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीजही तयार होते.

वीज चार रुपये युनिट धरली तरी गोणीमागे हजार रुपये नुसत्या विजेचे होतात. शेतकरी गोणीला २६६ रुपये ५० पैसे मोजतो, वरचा भार सरकार अनुदानातून उचलतं. त्या अनुदानातला छोटा वाटा एखाद्या सहकारी साखर कारखान्याच्या आवारात लावून पाहावा, असं मला मनापासून वाटतं. मॉरिसएवढाच प्रकल्प. वर्षाला हजारेक गोण्या निघतील, त्या पहिल्यांदा सभासदांच्या उसाला द्याव्यात.